अलार्मची सदोष फिटिंग: आधी तारा तपासा, मग सेन्सर बदला

आपण जे विचारले आहे ते थोडक्यात असे. नागपुरात मनीषनगरातील घर आणि गांधीबागेतील कापडाचे दुकान अशा दोन्ही ठिकाणी दीड वर्षापूर्वी एकाच मिस्तरीकडून आपण चोर-अलार्म बसवून घेतला. घरचा हूटर (अलार्मचा भोंगा) एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी कारण नसताना वाजतो, दुकानाचा रात्री-अपरात्री वाजतो, आणि गेल्या महिन्यात वीज गेलेली असताना दुकानाच्या मागच्या दाराचा कोयंडा कुणीतरी उचकटला तेव्हा मात्र तो वाजलाच नाही. आता दुसरा विक्रेता म्हणतो की सगळे काढून नवी यंत्रणा बसवा; ते करावे का, असा आपला प्रश्न आहे.

एवढ्यात काहीही नवीन विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असण्याचा संभव आहे आणि त्यांपैकी एकही कारण पॅनेलच्या (अलार्मच्या नियंत्रक पेटीच्या) मुख्य सर्किटमध्ये असेल असे मला वाटत नाही. पॅनेल आणि सेन्सर कारखान्यातून बहुधा तपासून निघतात. ते भिंतीवर चढवताना जे होते ते मात्र कुणी तपासत नाही. नवी यंत्रणा त्याच जुन्या तारांवर, त्याच जागी आणि त्याच घाईने बसली, तर पुढच्या नवतप्यात हूटर पुन्हा वाजेल, फक्त त्याचा आवाज नवा असेल.

दुरुस्तीचा पहिला दिवस स्क्रू-ड्रायव्हरचा नसतो, वहीचा असतो. पॅनेलमध्ये मागच्या घटनांची नोंद साठवलेली असते. कोणता झोन (एका तारेवरचे दार किंवा सेन्सर) कोणत्या तारखेला किती वाजता उघडला, मुख्य वीज कधी गेली, बॅटरी उतरल्याची सूचना कधी आली, हे बहुतेक पॅनेलांत कीपॅडवर किंवा मोबाइलवर वाचता येते. ही नोंद आधी उतरवून घ्या, कारण पॅनेल रीसेट केले की काही मॉडेलांत ती पुसली जाते. मागच्या दाराच्या प्रकरणात तर तीच आपला साक्षीदार आहे. त्या रात्री दार उघडल्याची नोंद असेल आणि तरी हूटर वाजला नसेल, तर दोष हूटरच्या तारेत किंवा बॅटरीत आहे. पॅनेल चालू असून दाराची नोंदच नसेल, तर दोष त्या झोनच्या तारेत आहे किंवा तो झोन कुणीतरी बायपास करून, म्हणजे देखरेखीतून वगळून ठेवला आहे. आणि वीज परत आल्याच्या क्षणी पॅनेल नव्याने सुरू झाल्याची नोंद असेल, तर वीज जाताच किंवा थोड्याच वेळात बॅटरीने मान टाकली होती, हे वेगळे सांगायला नको.

याच वेळी जुन्या मिस्तरीकडून इंजिनिअर कोड, म्हणजे पॅनेलची मांडणी बदलण्याचा आकडा, मागून घ्या. ती आपल्या मालकीच्या वस्तूची किल्ली आहे, आणि एएमसी (वार्षिक देखभालीचे काम) दुसऱ्याला दिली म्हणून ती अडवून ठेवण्याची या धंद्यातली पद्धत मला कधीच पटलेली नाही. कोड मिळाला नाही तर बहुतेक पॅनेल कारखान्यातील मूळ स्थितीवर आणून सगळे झोन पुन्हा भरता येतात. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पुष्कळदा मात्र मागण्याची वेळच येत नाही, कारण कंपनीने पुस्तिकेत छापलेला कोड तसाच ठेवलेला असतो आणि ती पुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मिळते. तो त्याच दिवशी बदला.

आता मुख्य वीज बंद करून पॅनेलचे झाकण उघडा आणि बॅटरीची एक वायर काढा. झोनच्या टर्मिनलपट्टीत बाहेरून आलेल्या तारांशेजारी रंगीत पट्ट्यांचे छोटे रेझिस्टर ओळीने उभे दिसले, तर हे काम कोणत्या हाताचे आहे ते तिथेच कळते. याला एण्ड ऑफ लाइन (तारेच्या टोकाचा) रेझिस्टर म्हणतात, आणि तो कुठे बसवायचा हे त्याच्या नावातच लिहिलेले आहे. कंपनीप्रमाणे २.२, ४.७ किंवा ५.६ किलोओहमचा हा तुकडा तारेच्या दूरच्या टोकाला, म्हणजे दारावरच्या कॉन्टॅक्टपाशी (चुंबकी स्विचपाशी) किंवा सेन्सरच्या पेटीत बसायला हवा. तसा तो बसला की पॅनेलला झोनच्या तारेवर तेवढाच रोध (विजेला होणारा अडथळा) दिसत राहतो. दार उघडले किंवा तार तुटली तर रोध अनंत होतो, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तो शून्यावर येतो, आणि दोन्ही वेळा पॅनेल जागे होते. हाच रेझिस्टर पॅनेलच्या आत लावला तर वाटेत कुठेही तारा शॉर्ट झाल्यावर पॅनेलला सगळे आलबेल दिसते. दार सताड उघडे असले तरी कीपॅडवर हिरवा दिवाच जळत राहतो. मिस्तरी असे का करतो, तर दूरच्या टोकाला शिडी लावून, पेटी उघडून जोड करायला प्रत्येक झोनमागे दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि पॅनेलमध्ये बसल्या जागी सगळे रेझिस्टर पाच मिनिटांत खोचता येतात.

हे मी कुणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. उमेदवारीच्या काळात इतवारीतील एका दुकानात मी स्वतः असेच केले होते. माळ्यावर उंदराने तारेचे आवरण कुरतडले, आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या, आणि मागच्या खिडकीचा झोन कित्येक महिने मुका राहिला. चोरी झाली नाही हे त्या दुकानदाराचे नशीब. वार्षिक तपासणीत मी खिडकी उघडली आणि काहीच झाले नाही, तेव्हा घाम फुटला होता. त्या आठवड्यात मी माझी आधीची सगळी कामे फिरून पुन्हा उघडली.

रेझिस्टर योग्य जागी हलवल्यानंतर झोनच्या दोन्ही तारा टर्मिनलमधून सोडवून, दार बंद ठेवून मीटरने रोध मोजा. २.२ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर आकडा २.२ च्या अगदी जवळ, फार तर तारेचे काही ओहम जास्त असा यायला हवा. तो २.५ किंवा २.६ दाखवत असेल, अथवा वाटेतली तार हलवली की नाचत असेल, तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजला आहे. रात्री-अपरात्री वाजणाऱ्या अलार्ममागे हा नाचरा जोड फार वेळा सापडतो. दिवसभर तापलेले छत रात्री निवते, धातू आकसतो, पिळून ठेवलेली तार क्षणभर सुटते आणि पॅनेलला दार उघडल्यासारखे वाटते.

जोड उघडून पाहिला की मग शंका उरत नाही. गेल्या उन्हाळ्यात वर्धमाननगरातील एका घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये मी हात घातला, तर काळी टेप पायमोजा निसटावा तशी तारेवरून घसरलेली होती. तिचा गोंद उकळून चिकट काकवीसारखा झाला होता, त्यात धूळ आणि एक मेलेली मुंगी अडकली होती, आणि आतला तांब्याचा पीळ हिरवट पडला होता. नागपुरात छतालगत कोंडलेली हवा मे महिन्यात किती तापते हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिथे साधी टेप एकच उन्हाळा काढते. जोड टाळता येत असेल तर टाळावा. येत नसेल तर सोल्डरचा डाग देऊन त्यावर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवावी किंवा चांगल्या प्रतीचा, दाबून बसवायचा क्रिंप वापरावा, आणि तो जोड सहज हाताला लागेल अशा जंक्शन बॉक्समध्ये ठेवावा. अलार्मच्या तारा २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपातून ओढलेल्या आढळल्या, तर त्या काढून वेगळ्या पाइपातून, किमान वीतभर अंतर ठेवून न्याव्यात, आणि जिथे ओलांडाव्याच लागतात तिथे काटकोनात ओलांडाव्यात. हे फक्त खोट्या अलार्मसाठी नाही. त्या पाइपात आवरण खरवडले गेले तर कीपॅडवर बोट ठेवणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.

तारेचा आणखी एक घोटाळा म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ब्लेडने एक टोक खरवडा; आतून चंदेरी निघाले तर समजून जा. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या तारेहून बराच जास्त असतो आणि टर्मिनलखाली ती सहज तुटते. त्यातून तार लांब असेल तर आणखीच वाईट. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरमागे सुमारे ३९ ओहम असतो. पॅनेलपासून हूटर ६० मीटर दूर असला तर जाण्या-येण्याची मिळून १२० मीटर तार होते, म्हणजे सुमारे ४.७ ओहम, आणि हूटरने अर्धा ॲम्पिअर ओढला की २.३ व्होल्ट वाटेतच खपतात. वीज असताना १३.६ व्होल्टांतून ते वजा झालेले कळत नाही. वीज गेल्यावर बॅटरी १२ वर असते आणि हूटरला साडेनऊच्या आसपास मिळतात. मग तो वाजण्याऐवजी कण्हतो. हूटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तार ओढली की हा प्रश्न मिटतो.

बॅटरीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: घरात इन्व्हर्टर आहे, मग पॅनेलची बॅटरी कशाला? पुष्कळ इमारतींत मीटर आणि मुख्य स्विच खाली जिन्यात, कुणाच्याही हाताशी असतात, आणि इन्व्हर्टर घरातल्या दुसऱ्या कुणी बंद केला तर अलार्मला त्याची खबर नसते. पॅनेलमधली १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची सीलबंद बॅटरी हाच त्याचा स्वतःचा जीव आहे. हिशेब साधा आहे. पॅनेल १२० मिलिॲम्पिअर, दहा सेन्सर मिळून १५०, दोन कीपॅड १०० आणि फोन लावणारा जीएसएम मॉडेम ८०, असे ४५० मिलिॲम्पिअर सतत जात असतील तर कागदावर साडेपंधरा तास मिळतात. नव्या बॅटरीकडून बारा तास धरावेत आणि अर्ध्यावर आलेल्या बॅटरीकडून पाच-सहा. या जातीच्या बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. त्यामुळे पुस्तिकेत तीन ते पाच वर्षे लिहिलेली बॅटरी टिनाच्या छताखालच्या माळ्यावर दीड-दोन वर्षांत संपते, आणि आपले पॅनेल नेमके तिथेच बसवले असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते खाली, सावलीच्या भिंतीवर आणा. चार्जिंग १३.५ ते १३.८ व्होल्टांच्या दरम्यान आहे का ते मोजा, मग मुख्य वीज बंद करून हूटर पाच मिनिटे वाजवा. तेवढ्यात बॅटरी ११ व्होल्टांखाली गेली तर ती बदला, आणि नवीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा.

घरच्या दुपारच्या अलार्मकडे वळतो, कारण ही तक्रार आपल्या शहराची खास आहे. खोलीच्या कोपऱ्यात बसवलेला मोशन सेन्सर, ज्याला आम्ही पीआयआर म्हणतो, माणूस पाहत नाही; तो आसपासची उष्णता आणि हलणाऱ्या शरीराची उष्णता यांतला फरक पाहतो. डिसेंबरमध्ये भिंत २० अंशांवर आणि माणसाची कातडी ३३-३४ वर असते, तेव्हा त्याचे काम सोपे असते. मे महिन्यात बंद घराची भिंतच ३६-३७ वर गेली की फरकच उरत नाही, आणि स्वस्त सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. बऱ्या सेन्सरमध्ये यासाठी तापमान-भरपाईचे सर्किट असते, जे अशा वेळी संवेदनशीलता वाढवते; पण वाढलेल्या संवेदनशीलतेसमोर खिडकीतला कूलर असेल, तर त्याचा गार झोत, हलणारा पडदा आणि उन्हाने तापलेली फरशी हे सगळे मिळून त्याला चकवतात. म्हणजे एकाच उन्हाळ्यात एकाच खोलीत सेन्सर चोराला सोडतो आणि पडद्याला पकडतो. घरी कुणी नसताना कूलर किंवा त्याचा पंखा टायमरवर चालू राहतो का, हे आधी पाहा.

उपाय सेन्सर बदलण्यात क्वचित असतो. बहुतेक वेळा जागा बदलण्यात असतो. कूलर, एसी आणि पश्चिमेची खिडकी सेन्सरच्या समोर येऊ नये. ती त्याच्या पाठीला किंवा बाजूला यावी. उंची २.१ ते २.४ मीटर ठेवावी, आणि माणूस सेन्सरच्या दिशेने चालत येण्याऐवजी त्याच्यासमोरून आडवा जाईल असा कोपरा निवडावा, कारण आडवी हालचाल त्याला फार चांगली कळते. तार आत शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवावे. ते उघडे राहिले की मुंग्या, झुरळे आणि पालीची पिल्ले थेट भिंगामागे जाऊन बसतात, आणि इतक्या जवळून तेवढीशी पालही सेन्सरला माणसाएवढी दिसते. जिथे जागा बदलणे शक्यच नाही तिथे मायक्रोवेव्ह लहरींची जोड असलेला दुहेरी सेन्सर लावावा, पण त्याची मायक्रोवेव्ह प्लायवूडच्या पार्टिशनमधून आणि काचेतून पलीकडे जाते हे लक्षात ठेवून तिचा पल्ला कमी करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालून पाहण्याची चाचणी मे महिन्यात दुपारी चार वाजता घ्यावी. हिवाळ्याच्या सकाळी पास झालेला सेन्सर नागपुरात काहीच सिद्ध करत नाही.

दुकानाच्या लोखंडी शटरवर लाकडी दारासाठीचा छोटा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट चिकटवलेला असेल, तर रात्रीच्या अलार्मचे दुसरे कारण तेच. लोखंड चुंबकाचा जोर खाते, म्हणून पुस्तिकेतले अंतर शटरवर निम्म्यावर येते. पावसाळ्याआधीच्या वावटळीत शटर बोटभर थरथरले की कॉन्टॅक्ट सुटतो. शटरसाठी ॲल्युमिनियमच्या कवचातला, ५० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंतर झेलणारा जड कॉन्टॅक्ट मिळतो. तो जमिनीत बोल्टने बसवावा, आणि त्याची तार स्टीलच्या लवचीक नळीतून न्यावी, म्हणजे हातगाडीच्या चाकाखाली ती चिरडणार नाही.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. हूटरच्या पेटीला टॅम्पर स्विच (पेटी उघडली की अलार्म देणारा) आहे का आणि तो खरोखर जोडला आहे का ते पाहा. जीएसएम मॉडेमचे सिम प्रीपेड असेल तर २८ दिवसांचा रिचार्ज कुणी करायचा हे ठरवा, आणि मॉडेम टूजीचा असेल तर त्यात फक्त फोरजी जाळ्यावर चालणारे सिम निरुपयोगी आहे हेही तपासा. अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर हवी. वायरलेस सेन्सर जुन्या, न बदलणाऱ्या कोडचे असतील तर चोराला त्यांचा संकेत रेकॉर्ड करून परत सोडता येतो. दुकानासाठी ते ठेवू नयेत. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मृगाच्या गडगडाटाआधी अर्थिंग मोजून घ्यावे आणि पॅनेलच्या पुरवठ्यावर विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा सर्ज संरक्षक लावावा.

दुकानात धुराचे डिटेक्टर असतील आणि मिस्तरीने ते चोर-अलार्मच्याच एखाद्या झोनवर टांगले असतील, तर ते वेगळे करा. चोर-अलार्म बंद असला तरी आगीचा झोन चालूच राहायला हवा. शिवाय जिथे २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा लागू होतो, तिथे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते; चोर-अलार्मच्या मिस्तरीची सही तिथे चालत नाही.

खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. जुन्या मिस्तरीला वर सांगितलेल्या मोजमापांसह आणि छायाचित्रांसह लेखी कळवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. आकडे समोर आले की बरेच जण वाद न घालता येऊन काम करून देतात. घराच्या बाबतीत ही सेवेतील त्रुटी ठरते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दुकानाची गोष्ट वेगळी आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या कायद्यात सहसा बसत नाही, स्वयंरोजगारासाठी घेतलेली असेल तर बसू शकते, म्हणून तिथे वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

दुरुस्ती कुणाकडूनही करा, शेवटचा हप्ता स्वीकृती-चाचणीच्या दिवशीच द्या. त्या दिवशी प्रत्येक दार, शटर आणि सेन्सर एकेक करून उघडावा किंवा ओलांडावा आणि कीपॅडवर बरोबर तेच नाव येते का ते पाहावे. 'झोन ४' नव्हे, 'मागचे दार'. प्रत्येक झोनच्या तारा दूरच्या टोकाला मुद्दाम शॉर्ट करून पॅनेल तक्रार करते का ते पाहावे. मुख्य वीज बंद करून सगळी चाचणी पुन्हा घ्यावी, आणि फोन खरोखर आपल्याकडे व दुकानाच्या चौकीदाराकडे येतो का ते तपासावे. प्रत्येक झोनचा रोध, तारेचा मार्ग, जोडांच्या जागा आणि बॅटरीची तारीख लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी गांधीबागेतल्या शेजारच्या दुकानदारांना सांगून ठेवा. दीड वर्ष तो हूटर ऐकून त्यांनी कान बंद केले आहेत. यापुढे तो वाजला तर शटर वर करून पाहा आणि ११२ ला फोन लावा, हे त्यांना समक्ष भेटून सांगावे लागेल.